आपण मागणारे नाही

पहाटे पाचला उठणारी माणसं इन्स्टाग्रामवर फार झाली आहेत. ती उठतात, गार पाण्याने अंघोळ करतात, आरशासमोर उभी राहतात आणि स्वतःला सांगतात, मी समर्थ आहे, मी श्रीमंत आहे, पैसा माझ्याकडे धावत येतो आहे. खाली शे-दोनशे लोकांनी हात जोडलेले असतात. मला त्यांची चेष्टा करायची नाही. त्यांच्या म्हणण्याचा गाभा मला पटतो. आपण दिवसभर मनातल्या मनात स्वतःशी बोलत असतो, त्यातली काही वाक्यं इतकी जुनी असतात की ती वाक्यं आहेत हेच विसरायला होतं, आणि आपण काय करणार नि काय करणार नाही हे पुष्कळदा तीच ठरवतात. माझं भांडण पुढच्या पायरीशी आहे. जुनं वाक्य कुठून आलं ते न बघता त्यावर नवं वाक्य चिकटवलं की काम झालं, या समजुतीशी.

माझं जुनं वाक्य तीन शब्दांचं आहे. आपण मागणारे नाही.

हे वाक्य मला कधी ऐकू यायचं नाही, फक्त त्याचे परिणाम दिसायचे. शाळेत परीक्षेला पुरवणी मागायला हात वर करावा लागतो, म्हणून मी बारीक अक्षरात लिहून मूळ उत्तरपत्रिकेतच सगळं बसवायचो. एसटीत कंडक्टर सुटे नाहीत म्हणून तिकिटामागे उरलेले पैसे लिहून द्यायचा, आणि ती तिकिटं तशीच माझ्या खिशात धुतली जायची. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना मेसमध्ये भाजी पुन्हा मागितल्याचं आठवत नाही. नोकरी लागल्यावर कॉलवर एखादी गोष्ट समजली नाही तर मी ती रात्री जागून स्वतः शोधायचो, पण विचारायचो नाही. आणि दरवर्षी अप्रेझलच्या बैठकीत मॅनेजर शेवटी विचारायचे, "एनिथिंग एल्स?" मी दरवर्षी म्हणायचो, "नो, ऑल गुड." माझ्यामागून आलेल्या, माझ्याकडून काम शिकलेल्या मुलाचा पगार माझ्यापेक्षा जास्त आहे हे कळल्यावरही मी तेच म्हणालो.

याला भीती म्हणणं सोपं आहे. पण भीती असती तर ती ओळखू आली असती. पोटात गोळा आला असता, तळहाताला घाम सुटला असता. मला तसं काही व्हायचं नाही. मला उलट बरं वाटायचं. बाकीचे मागतात, भांडतात, आपण नाही. असल्या समजुतींची मोठी अडचण हीच आहे की त्या आडव्या येताना संस्काराचे कपडे घालून येतात. अडथळा म्हणून आल्या असत्या तर त्यांच्याशी केव्हाच झटापट झाली असती.

मग एकदा मीही आरशाचा प्रयोग केला. "आय डिझर्व्ह मोअर." आठवडाभर, दात घासून झाल्यावर. काहीच झालं नाही. वाक्य तोंडातून निघायचं आणि आरशावरच्या वाफेसारखं विरून जायचं. वाटलं, इंग्रजीत आहे म्हणून असेल, मराठीत करून बघू. करून बघा तुम्हीही. डिझर्व्हला मराठीत पात्रता आहे, ती सरकारी अर्जावर शोभते. लायकी आहे, पण "माझी लायकी आहे" हे वाक्य मराठी माणसाच्या कानात शिरताना वाटेतच "माझी लायकी काय आहे" असं होऊन बसतं. हा शब्द आपण कायम दुसऱ्याची काढण्यासाठीच वापरला आहे.

स्वतःला वाक्यं ऐकवण्याचा हा धंदा तसा नवा नाही. एमिल कुए नावाचे एक फ्रेंच औषधविक्रेते होते, जन्म १८५७चा. नान्सी या गावी ते लोकांना आपण दिवसेंदिवस बरे होत आहोत अशा अर्थाचं एक वाक्य रोज झोपताना आणि उठताना वीस वेळा पुटपुटायला सांगत. मोजण्यात लक्ष जाऊ नये म्हणून वीस गाठी मारलेली दोरी घ्या म्हणत. आपल्याकडे याला जपमाळ म्हणतात. पुढे अमेरिकेतले धर्मोपदेशक जोसेफ मर्फी यांचं सुप्त मनाच्या शक्तीवरचं पुस्तक १९६३ साली आलं. त्याचं मराठी भाषांतर आजही फुटपाथवरच्या पुस्तकांत श्रीमंतीच्या सूत्रांच्या शेजारी मांडलेलं असतं. दोघांचंही गृहीतक साधारण एकच. सुप्त मन म्हणजे मऊ माती, त्यात वाक्य पेरा, उगवेल.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोआन वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली या गृहीतकाला चाचणी लावली. लोकांना मनात येईल ते लिहायला बसवलं आणि त्यातल्या काहींना सांगितलं, घंटा वाजली की "मी प्रेम करण्याजोगा माणूस आहे" असं स्वतःशी म्हणा. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच बरं होतं त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांचं वाईट होतं त्यांना आणखी वाईट वाटलं. नंतर काहींनी हा प्रयोग पुन्हा केला तेव्हा निकाल तसाच आला नाही, त्यामुळे मी त्यावर फार भार टाकत नाही. पण आरशासमोरच्या त्या आठवड्यात माझ्या आतून जे उत्तर यायचं ते मला माहीत आहे. ते उत्तर होतं, "व्हय का? बरं."

बार्शीच्या ठेक्यात. तिथे मी पहिल्यांदा थबकलो. मी इंग्रजीत बोलत होतो आणि आतून बार्शी उत्तर देत होती.

आमच्या कामात गिट ब्लेम नावाची एक कमांड असते. नाव भांडकुदळ असलं तरी काम सरळ आहे. कोडमधली प्रत्येक ओळ कोणी लिहिली, कधी लिहिली, ते दाखवणं. जुना कोड विचित्र दिसतो म्हणून नवीन पोरं तो पुसायला निघतात. थोडे दिवस काढलेला माणूस आधी बघतो की ही ओळ कोणाची आहे आणि त्या दिवशी काय पेटलं होतं. दुसरी एक पद्धत आहे रबरी बदकाची. १९९९च्या 'द प्रॅगमॅटिक प्रोग्रॅमर' या पुस्तकामुळे ती प्रसिद्ध झाली. अडलात की टेबलावरच्या रबरी बदकाला आपला कोड ओळीओळीने मोठ्याने समजावून सांगा. बदक काही बोलत नाही, पण सांगता सांगता चूक आपल्यालाच दिसते. मनात जे वाक्य गुळगुळीत वाटतं ते तोंडाने म्हटलं की त्याचे कोपरे लागतात.

माझ्याकडे बदक नाही. खराडीतल्या फ्लॅटच्या गॅलरीत एक कोरफडीची कुंडी आहे, तिला मी माझं वाक्य मोठ्याने सांगितलं. आपण मागणारे नाही.

आपण म्हणजे कोण? वाक्यात "मी" नाहीच. मराठीतलं हे "आपण" फार दिलदार आहे, समोरच्याला न विचारता पोटात घेतं. ह्या "आपण"मध्ये मी आहे, अण्णा आहेत, आबा आहेत, बहुधा माझा न जन्मलेला मुलगाही आहे. मी आरशासमोर "आय" म्हणत होतो, आणि समोर "आय" नव्हताच, पूर्ण घर उभं होतं.

आणि मागणं म्हणजे काय? भीक मागतात. पाणीही मागतात. माफी मागतात, मदत मागतात, दाद मागतात, हिशेब मागतात, मुलगी मागतात, पगारवाढही मागतात. एक क्रियापद ही सगळी कामं करतं, आणि घरात ज्याची दहशत असेल तो अर्थ बाकीच्यांवर सांडतो. आमच्या घरात पहिल्या अर्थाची दहशत होती. पुरवणी मागणाऱ्या हातातही आम्हाला कटोरा दिसायचा.

ही ओळ कोणी लिहिली ते मला आजीकडून कळलं. १९७२च्या दुष्काळात आबांची तीन एकर कोरडवाहू जमीन नुसती भेगाळून पडली होती. घरची सगळी मोठी माणसं खडी फोडायच्या कामावर गेली. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर मिलो, ती तांबडी परदेशी ज्वारी. तिच्या रांगेत आबा अण्णांना घेऊन उभे होते. अण्णा तेव्हा आठ वर्षांचे. रांगेत काय झालं ते आजीने सांगितलं नाही, किंवा तिलाही कधी सांगितलं गेलं नसेल. घरी येऊन आबा एवढंच म्हणाले की पुन्हा कुणापुढे हात पसरायचा नाही. पाऊस झाल्यावर काही वर्षांनी त्यांनी अण्णांना बार्शीत एका टेलरच्या हाताखाली घातलं. हातात कला असली की हात पसरावा लागत नाही, हा त्यामागचा हिशेब.

म्हणजे ही ओळ बिघाड नव्हती. ती शपथ होती. ज्या दिवशी ती घेतली त्या दिवशी तिने एका माणसाला ताठ उभं केलं. मला तिला "लिमिटिंग बिलीफ" म्हणायला आजही जड जातं. दुष्काळ गेला, ज्वारी पिकली, नातू संगणकावर बसला, आणि शपथ तेवढी चालू राहिली, कारण ती संपली असं कोणी कोणाला सांगितलंच नाही.

अण्णांच्या दुकानात ती कशी चालायची ते मी रोज बघितलं आहे. शाळा सुटली की मी तिथेच, कापायच्या टेबलाखाली, चिंध्यांत बसून गृहपाठ करायचो. अण्णांची मापांची एक लांबट वही असते. छाती, कंबर, बाही, गळा, आणि त्याच्याच बाजूला समासात उधारी. समास भरगच्च. उधारीवाला दुकानासमोरून जायचा, अण्णा त्याला "राम राम" घालायचे, पैशांचं नाव नाही. आई म्हणायची, "अहो, आपलेच पैसे आहेत, मागा की." अण्णा मशीनवरून मान वर न करता म्हणायचे, "आपण मागणारे नाही."

लेव वायगोत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की मूल आधी लोकांशी बोलतं, मग एकटं असताना मोठ्याने स्वतःशी बोलतं, आणि हळूहळू तेच बोलणं आत जातं. आतला आवाज हा आधी बाहेरचा असतो. माझा टेबलाखाली गेला.

पण टेबलाखाली मी आणखी एक गोष्ट ऐकत होतो, ती कुंडीशी बोलताना वर आली. गिऱ्हाईक कपडे न्यायला आलं आणि त्याने विचारलं, "अण्णा, किती झाले?" की अण्णांचा आवाज बदलायचा. "दोन शर्टांचे सहाशे. पँटचे साडेचारशे. झाले साडेदहाशे. दोनशे जमा. राहिले साडेआठशे." खणखणीत. मान वर, नजर समोर, टेप गळ्यात. त्यात लाज नाही, आर्जव नाही, अंदाजे नाही. मागायला तयार नसलेला हा माणूस सांगायला कधीच कचरला नाही. हिशेब सांगणं म्हणजे मागणं नव्हे, हे त्याच दुकानात, त्याच टेबलाखाली, मला कधीच कळलेलं होतं. ते वापरलं मात्र नव्हतं.

नवं वाक्य मला तिथे सापडलं, किंवा खरं तर ते जुनंच होतं. "पिंट्या, मागायचं नाहीये. हिशेब सांग."

पिंट्या हे माझं घरातलं नाव. ते मुद्दाम. इथन क्रॉस आणि सहकाऱ्यांचा २०१४चा एक शोधनिबंध आहे. त्यांच्या प्रयोगांत लोकांना अगदी थोड्या तयारीवर भाषण करायला लावलं होतं. काहींनी स्वतःशी बोलताना "मी" वापरायचं, काहींनी स्वतःचं नाव किंवा "तू". नावाने बोलणाऱ्यांची घालमेल कमी झाली आणि त्यांची भाषणंही जास्त चांगली ठरली. "मी" म्हटलं की माणूस खड्ड्याच्या आत असतो. "तू" म्हटलं की तो काठावर उभा राहून आतल्याला हात देतो. शेजाऱ्याला आपण किती समजूतदार सल्ला देतो, तसंच काहीसं.

हे वाचताना मला हसू आलं, कारण मराठीत हे काम शतकानुशतकं चालू आहे. रामदासांनी "मना" अशी हाक मारून २०५ श्लोक सांगितले. तुकोबा तर अभंगाच्या शेवटी स्वतःच बाजूला उभे राहतात नि "तुका म्हणे" म्हणतात. झाडावेलींना सोयरे म्हणणाऱ्या त्या प्रसिद्ध अभंगाचा शेवट तर स्वतःच्या मनाशी चाललेल्या संवादावर होतो. ती नाममुद्रा आहे, सही आहे, तिला मानसोपचार म्हणणं हा आगाऊपणा होईल. तरीही स्वतःला तिसऱ्या माणसासारखं बाहेरून हाक मारण्याचा कान आपल्याकडे तयार आहे. त्यासाठी मिशिगनपर्यंत जायची गरज नव्हती. मी गेलो, कारण फोनमध्ये आधी ते सापडलं.

अप्रेझलच्या दिवशी मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये, दोन खांबांच्या मधे, पुटपुटत उभा होतो. सिक्युरिटीवाल्या काकांनी "काय सर, फोनवर का?" म्हणून विचारलंही. वर जाऊन मी मॅनेजरना इंग्रजीत हिशेब सांगितला. वर्षभरात अमुक सर्व्हिस नव्या व्यवस्थेवर आणली, इतक्या रात्री ऑन-कॉल होतो, तीन नवीन मुलांना तयार केलं, या कामाचा बाजारातला आकडा हा आहे, माझा हा आहे, राहिला हा. शेवटचा आकडा सांगताना आवाज थोडा चिरकला, पण आकडा पूर्ण सांगितला. त्यांनी लिहून घेतलं आणि म्हणाले, या वर्षी बजेट संपलं आहे.

इथे आरशाची पद्धत मोडली असती. पैसा धावत येणार होता, आला नाही, मग माझंच काहीतरी कमी पडलं. लोकल पकडून हडपसरला मित्राकडे गेलो असतो तर आतला आवाज सोबतीला आलाच असता, "बघ, म्हणलं नव्हतं?" तो आवाज दुचाकीवरही आलाच, मागच्या सीटवर बसून. फक्त मी काही मागितलंच नव्हतं, त्यामुळे नाकारलं काय गेलं हे त्याला नीट सांगता येईना. हिशेब सांगितला, तो वहीत चढला. उधारी राहिली.

अल्बर्ट एलिस एकोणीस वर्षांचे असताना त्यांना मुलींशी बोलायची विलक्षण धास्ती होती. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभर जाऊन, बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की तिच्याशी बोलायचंच, असं त्यांनी ठरवलं. १३० जणींच्या शेजारी बसले. ३० उठून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं. एकीने भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. पुढे विवेकनिष्ठ उपचारपद्धती उभी करणारे एलिस हा किस्सा आनंदाने सांगत. त्यांच्या मते त्या महिन्यात काही वाईट झालं नाही हे त्यांना कळलं, आणि भीती गेली. मला यात आवडतो तो भाग असा की एलिस यांनी स्वतःला "सगळ्या जणी माझ्यावर भाळतील" असं सांगितलं नव्हतं. त्यांचं स्वतःशी बोलणं छोटं होतं आणि लगेच बाकावर जाऊन बसायला लावणारं होतं. मानगुटीवर बसणाऱ्या "च"वर त्यांनी आयुष्यभर काम केलं. झालंच पाहिजे, मिळालंच पाहिजे. आमच्या घरच्या वाक्यात "च" दिसत नाही, पण म्हणून बघा, ऐकू येतो.

सहा महिन्यांनी मी तीच वही पुन्हा उघडली, त्याच सुरात. या वेळी काही जमा झालं, सगळं नाही. जुनं वाक्य गेलेलं नाही. आजही हॉटेलात पाणी संपलं की तेच आधी येतं. पण दुसरंही वाक्य आता पाठोपाठ येतं, आणि ते त्याच गल्लीतलं असल्यामुळे पहिलं त्याला दारातच अडवत नाही.

मागच्या दिवाळीला मी उत्साहाने अण्णांची वही घेऊन बसलो. समासांची बेरीज एकेचाळीस हजार भरली. म्हटलं, "अण्णा, मागू नका, नुसता हिशेब सांगा लोकांना." ते हसले. म्हणाले, "गल्लीत पाच टेलर आहेत, वर रेडिमेड. ज्याची उधारी आहे ते गिऱ्हाईक माझ्याकडंच येतंय. लाजंनं का हुईना. मागितले तर देईल आणि पुन्हा यायचं न्हाई." मला यावर बोलता आलं नाही. तीस वर्षांचा धंदा त्या न मागण्यावर उभा होता. मी ज्याला गाठ समजत होतो ती त्यांच्या बाजूने शिवण होती.

एवढ्यात, महिन्यापूर्वी, त्यांचा फोन आला. ते स्वतःहून फोन करत नाहीत. आधी पावसाचं बोलले, मग म्हणाले, "सुईत दोरा ओवाया येईना झालाय. डॉक्टरनं मोतीबिंदू सांगितलाय. तुला नुसतं सांगून ठेवतो."

मी जरा थांबलो. मग विचारलं, "अण्णा, किती झाले?"

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला. "लेन्सचे अठरा हजार. तपासण्यांचे दीड. झाले साडेएकोणीस. माझ्याकडचे सात जमा. राहिले साडेबारा."